छोटी रेल्वे की स्थिर मॉडेल: नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

"रुळांवर धावणारी छोटी रेल्वे करू, की प्लॅस्टिकचे भाग जोडून विमानं-रणगाड्यांची स्थिर मॉडेलं?" असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा जागेचा आणि खर्चाचा हिशोब मांडूनच आलेला असतो. तो हिशोब करावाच लागतो, पण नंतर. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: दिवसभर दमल्यावर कोणत्या प्रकारची चूक दुरुस्त करत बसायला तुम्हाला कंटाळा येणार नाही?

स्थिर मॉडेलमधली चूक डोळ्याला दिसते. विमानाच्या पाठीवरची जोडाची रेघ नीट घासली गेली नाही, ओल्या रंगावर बोटाचा ठसा उमटला, पंखावरचं चिन्ह जरा तिरकं बसलं. तरी विमान कपाटात ऐटीत उभं राहतं आणि पाहुण्यांना त्यातलं काही कळत नाही. सलतं ते फक्त तुम्हाला. छोट्या रेल्वेतली चूक मात्र चालण्यात असते. इंजिन रोज त्याच सांध्यावर, म्हणजे मार्ग बदलायच्या रुळांवर, अडतं, तिसरा डबा त्याच वळणावर घसरतो. इथे "चालवून घेऊ" म्हणायची सोय नाही, कारण गाडीच चालत नाही.

पहिली चूक काढायला नजर आणि हात लागतात. दुसरी काढायला संशयी स्वभाव लागतो: चाकात दोष आहे, रुळात आहे, तारेत आहे की फळीच वाकली आहे? मला विचाराल तर निवड इथेच होते.

पायरी १: स्वतःला ओळखा

बंद पडलेलं घड्याळ किंवा खेळणं हाती आलं तर तुम्ही आधी काय करता ते आठवा. स्क्रू काढून आत डोकावत असाल तर रेल्वेकडे झुका. ते पुसून, बाहेरून निरखून, रंग कुठे उडालाय ते पाहत बसत असाल तर स्थिर मॉडेलकडे. दोन्ही करत असाल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा, तुमचीही सोय आहे.

दुसरी बाब शेवटाची. स्थिर मॉडेल संपतं. शेवटचा मॅट थर वाळला की काम झालं, पुढचा डबा उघडायचा. छोटी रेल्वे संपत नाही. हॅम्बुर्गमधलं मिनिएटूर वुंडरलँड हे एचओ मापाचं (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) प्रचंड रेल्वेविश्व २००१ साली खुलं झालं आणि त्यात अजूनही नवे भाग जोडले जात आहेत. घरातल्या एका फळीवरच्या रेल्वेचीही तीच गत. ज्यांना हातातलं काम पूर्ण झाल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना हे फार छळतं.

आणि खंड पडण्याचं काय? अर्धवट रणगाडा वर्षभर डब्यात पडून राहिला तरी उघडल्यावर पाच मिनिटांत कुठे थांबलो होतो ते कळतं. फळीखालच्या तारांचं तसं नाही. मी एकदा आठ महिन्यांनी फळी उलटी केली तेव्हा लाल, लाल आणि लाल अशा तीन तारा लोंबत होत्या. तेव्हापासून प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी लावतो.

पायरी २: जागा मोजा

स्थिर मॉडेलसाठी एक चांगला दिवा, कापायची रबरी मॅट आणि खिडकीजवळचं छोटं टेबल पुरतं. काम एका ट्रेमध्ये केलंत तर रोज उचलून ठेवता येतं. जागेची खरी अडचण पुढे येते, तयार मॉडेल ठेवताना. आणि न जोडलेल्या किटचा ढीग साठतो तो निराळाच; या छंदात जोडण्याचा वेग खरेदीच्या वेगाला सहसा गाठत नाही.

रेल्वेला लांबीपेक्षा रुंदी जास्त छळते, कारण गाडी गोल फिरवायची तर वळण बसलं पाहिजे. ब्रिटिश ओओ मापात (खऱ्याचा शहात्तरावा भाग) तयार रुळांचं सर्वांत घट्ट वळण ३७१ मि.मी. त्रिज्येचं आणि त्यानंतरचं ४३८ मि.मी.चं मिळतं. दुसरं घेतलंत तर नुसत्या वर्तुळाचा व्यास ८७६ मि.मी., म्हणजे कडेची जागा धरून फळी जवळपास मीटरभर रुंद हवी. पहिलं वळण स्वस्तात जागा वाचवतं खरं, पण त्यावर लांब डबे आणि मोठी इंजिनं अडतात, म्हणून शक्य असेल तर ते टाळाच. एन मापात (खऱ्याचा एकशेसाठावा भाग) साधारण २५० मि.मी. त्रिज्येवरही छोट्या गाड्या फिरतात, त्यामुळे साठ-पासष्ट सें.मी. रुंदीत वर्तुळ बसतं.

जागा अगदीच नसेल तर वर्तुळाचा नाद सोडा. भिंतीलगतच्या अरुंद फळीवर तीन-चार सांधे, एक छोटं इंजिन आणि पाच-सहा वाघिणी एवढ्यावर शंटिंगचा, म्हणजे वाघिणी पुढेमागे करून जुळवण्याचा, खेळ उत्तम रंगतो. कोणती वाघीण कोणत्या मार्गावर न्यायची याच्या चिठ्ठ्या काढा आणि कमीत कमी हालचालींत ते जमवा. गोल गोल फिरणारी गाडी पंधरा मिनिटांत कंटाळा आणते. हे कोडं नाही आणत.

पायरी ३: माप ठरवा

१:७२ म्हणजे मूळ वस्तूचा बहात्तरावा भाग. आकडा वाढला की मॉडेल लहान होतं, इथे पहिला गोंधळ उडतो. डोळ्यासमोर चित्र हवं असेल तर सहा फुटी माणूस धरा. १:३५ मध्ये तो सुमारे ५२ मि.मी., १:७२ मध्ये २५, एचओ म्हणजे १:८७ मध्ये २१ आणि एन म्हणजे १:१६० मध्ये जेमतेम साडेअकरा मि.मी. उंच भरतो.

ही विचित्र मापं आली कुठून? १:७२ मागे इंच-फुटांचा सोपा हिशोब आहे: एक इंच म्हणजे सहा फूट. १:३५ ची जन्मकथा मात्र गमतीची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला किट बनवणाऱ्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा त्याचा आकार ठेवला होता, आणि तो साधारण पस्तिसावा भाग भरला. पुढे सगळं रणगाडाविश्व त्याच मापावर उभं राहिलं. एचओ म्हणजे 'ओ' मापाच्या निम्मं. खऱ्या रुळांमधलं १४३५ मि.मी.चं प्रमाण अंतर ८७ ने भागलं की १६.५ मि.मी. येतं. ब्रिटनमधली खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा आकाराने लहान, त्यामुळे त्या काळच्या मोटरी त्यांच्या एचओ मॉडेलच्या पोटात मावेनात. मग मॉडेल १:७६ एवढं मोठं केलं आणि रूळ मात्र १६.५ मि.मी.चेच ठेवले. ओओ गाड्या समोरून पाहताना रूळ किंचित अरुंद वाटतात ते यामुळे.

नवख्यांसाठी माझं मत सरळ आहे. विमान करायचं तर १:७२, किंवा डोळ्यांना त्रास होत असेल तर १:४८. रणगाडा करायचा तर १:३५. जहाजं १:७०० मध्ये देखणी दिसतात, पण त्यांचे कठडे आणि डोलकाठ्या केसासारख्या बारीक असतात. पहिलं किट म्हणून त्यांना हात लावू नका. रेल्वेत, जागा असेल तर एचओ किंवा ओओ, नसेल तर एन. १:२२० चं झेड माप ब्रीफकेसमध्ये मावतं म्हणून मोह पडतो. पण त्या मापाच्या रुळावरचा धुळीचा कण गाडीच्या दृष्टीने दगडच.

पायरी ४: रेल्वेवाल्यांनीसुद्धा आधी एक किट जोडा

रेल्वे हवी असलेल्यांना हा सल्ला आवडत नाही. पण स्टेशनची इमारत, सिग्नलची केबिन, पूल ही सगळी स्थिर मॉडेलंच असतात. शिवाय चाकू धरायचा कसा, गोंद किती लावायचा आणि वाळू द्यायचं म्हणजे खरोखर किती वेळ, हे महागड्या इंजिनावर शिकण्यापेक्षा साध्या किटवर शिकलेलं बरं. पन्नास-साठ भागांचं किट निवडा. डब्यावर चित्र कितीही थरारक असलं तरी पहिल्यांदा चारशे भागांकडे बघूही नका.

सुरुवातीला साच्याची चौकट, म्हणजे स्प्रू, कोमट पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण घालून धुवा. साच्याचा तेलकट अंश राहिला तर रंग धरत नाही. भाग पिरगाळून तोडू नका. चपट्या पात्याच्या कटरने आधी भागापासून दोन-तीन मि.मी. लांब कापा, मग उरलेला खुंट दुसऱ्या कापात काढा आणि ४०० मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. एकाच कापात जवळून तोडलं की प्लॅस्टिक पांढरं पडतं किंवा खड्डा पडतो.

गोंद लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडाच बसवून पाहा. ही एक सवय लावून घेतलीत तर निम्मी पुट्टी वाचेल. प्लॅस्टिकचा पातळ गोंद खरं म्हणजे चिकटवत नाही, तो पॉलिस्टायरीन विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतो. म्हणून दोन भाग एकत्र धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं. गोंद आपोआप आत ओढला जातो. नंतर हलकं दाबा. जोडातून विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर आली तर उत्तम, तीच तुमची पुट्टी. मात्र ती दुसऱ्या दिवशीच खरवडा. आणि त्या फटीजवळ बोट ठेवू नका! गोंद बोटाखाली सरकतो आणि विमानावर तुमचा अंगठा कायमचा छापला जातो. माझ्या पहिल्या विमानाच्या डाव्या बगलेवर तो आजही आहे.

काचेचे भाग सुपरग्लूने चिकटवले की त्याच्या वाफेने धुरकट होतात. त्यांना लाकूडकामाचा पांढरा गोंद लावा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. नाकाखाली चाक असलेलं विमान असेल तर धड बंद करण्याआधी नाकात वजन भरा, नाहीतर ते शेपटीवर बसेल. सूचनापत्रात वजनाचा आकडा असतो. त्याहून थोडं जास्तच भरा.

रंगाबद्दल एकच गोष्ट घट्ट धरा: पातळ थर, आणि दोन थरांत वाट पाहणं. एअरब्रश पहिल्या दिवशी लागत नाही. चांगला मऊ ब्रश आणि पातळ केलेला ॲक्रिलिक रंग यावर तीन-चार किट खुशाल काढा. पहिल्या थरात खालचं प्लॅस्टिक दिसणारच, ते झाकायला जाड थर देऊ नका. पुढे एअरब्रश घ्याल तेव्हा ०.३ मि.मी. नोझल आणि साधारण १५ ते २० पीएसआय दाबापासून सुरुवात करा. लॅकर किंवा एनॅमल फवारणार असाल तर रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क हवा, धुळीचा कागदी मास्क चालणार नाही.

डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावण्याआधी चमकदार पारदर्शक थर द्या. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यावर डीकॅलखाली हवा अडकते आणि उजेडात चंदेरी डाग दिसतात. डीकॅल बसवण्याचं द्रावण लावलं की ते सुरकुततं. घाबरून त्याला हात लावू नका, वाळताना ते आपोआप ताणून पृष्ठभागाला चिकटतं. मग पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडाच्या) रेघांत गडद पातळ रंग सोडायचा, वरचा पुसायचा आणि शेवटी मॅट थर.

हे सगळं करताना मजा आली, आणि पुढचं किट कोणतं याचा विचार मधेच सुरू झाला, तर तुम्ही इथलेच. जोडताना सारखं "हे हललं असतं तर" असं वाटत राहिलं, तर पुढे वाचा.

पायरी ५: पहिली गाडी

स्टार्टर सेट घ्या: एक इंजिन, दोन-तीन डबे, रुळांचं लांबट वर्तुळ आणि कंट्रोलर. जमिनीवर मांडू नका. गालिच्याचे धागे आणि केस इंजिनाच्या गिअरमध्ये गुंततात, ते चिमट्याने काढत बसणं हा वेगळाच छंद आहे. जाड प्लायची फळी घ्या आणि खाली आडव्या पट्ट्या मारा, म्हणजे ती वाकणार नाही.

पहिला महिना रूळ खिळवू नका. वेगवेगळे आराखडे मांडा, चालवा, मोडा. कागदावर झकास दिसणारी योजना फळीवर मांडली की हात पोचत नाही असा एक कोपरा हमखास निघतो, आणि गाडी नेमकी तिथेच घसरते. कडेपासून साठ-सत्तर सें.मी.पलीकडे काही ठेवू नका.

नवख्यांच्या प्रत्येक आराखड्यात एक पूल असतो, एका मार्गावरून दुसरा जाणारा. त्याचा हिशोब आधी करा. एचओ मध्ये खालची गाडी सुखरूप जायला वरचा रूळ साधारण साडेसात सें.मी. उंच हवा. चढ २ टक्के, म्हणजे मीटरमागे दोन सें.मी., धरला तर नुसतं वर चढायला पावणेचार मीटर लागतात. उतरायला तेवढेच पुन्हा. बहुतेकांचा पूल या गुणाकारातच वाहून जातो.

आता वीज. साध्या डीसी पद्धतीत एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण. कंट्रोलर शून्य ते १२ व्होल्ट देतो, व्होल्ट वाढले की वेग वाढतो, ध्रुव उलटले की गाडी मागे. याची मर्यादा अशी की एका मार्गावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने हुकूम जातो. इंजिनातला डिकोडर फक्त आपला हुकूम ऐकतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९०च्या दशकात हे प्रमाण ठरवलं, त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर दुसरीच्या इंजिनावर चालतो. नव्या डिकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो. दोन नवी इंजिनं एकदम रुळावर ठेवलीत आणि दोन्ही सुटली तर भूतबाधा समजू नका, क्रमांक बदला. एकाहून जास्त इंजिनं घ्यायची पक्की इच्छा असेल तर सुरुवातच डीसीसीने करा. फक्त एखादं इंजिन आणि शंटिंगची फळी असेल तर डीसी पुष्कळ झाली.

गाडी लांबच्या टोकाला मंदावते? तर वीज रुळांच्या जोडपट्ट्यांवर सोडू नका. फळीखालून जाड तारांची एक जोडी फिरवा आणि दर मीटरला बारीक तारा रुळाला सोल्डर करा. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाने चाकाची कड जाते, तिथे गोळा राहिला की डबा उडी मारणार.

आणि एक सापळा. गाडी फिरून त्याच मार्गावर उलट दिशेने परत यावी असा रुळांचा वळसा जर दोन रुळांच्या पद्धतीत घातलात, तर डावा रूळ फिरून उजव्याला भेटतो आणि सरळ शॉर्ट होतं. एक अख्खी संध्याकाळ मी कंट्रोलरला शिव्या देण्यात घालवली होती. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. उपाय: त्या वळशाचा गाडीहून लांब तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ कापून, वेगळा करायचा आणि त्याला ध्रुव उलटणारा स्विच किंवा स्वयंचलित मॉड्यूल जोडायचं. मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या एचओ रुळांत मधोमध वेगळा संपर्क असल्यामुळे त्यांना ही डोकेदुखीच नाही.

गाडी घसरत असेल तर क्रमाने शोधा. तीच जागा, वेगवेगळे डबे: दोष रुळात. तोच डबा, वेगवेगळ्या जागा: दोष चाकात. बोट रुळावरून अलगद फिरवा, जोडाजवळची पायरी डोळ्याआधी बोटाला कळते. चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर कॅलिपरने मोजा, एचओ मध्ये ते साधारण साडेचौदा मि.मी. हवं. आणि इंजिन सांध्याच्या मधोमधच थांबत असेल तर तिथला त्रिकोणी तुकडा प्लॅस्टिकचा, म्हणजे बिनविजेचा आहे का पाहा. चार चाकांची चिमुकली इंजिनं अशा सांध्यावर हमखास अडतात. विजेचा प्रवाह असलेला सांधा थोडा महाग पडतो आणि त्याला तार लावावी लागते, तरी तोच घ्या.

सगळं सुरळीत झाल्यावरच खडी. बारीक खडी रुळांमध्ये पसरा, ब्रशने सारखी करा, पाण्याचा फवारा मारा, मग पांढरा गोंद आणि पाणी अर्धंअर्धं करून त्यात साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. साबणामुळे थेंब वर न राहता आत मुरतो. सांध्याच्या हलणाऱ्या पट्ट्यांजवळ मात्र हात आखडा. तिथे गोंद गेला की सांधा जन्माचा अडकतो.

वेगाचंही सांगतो. एचओ मध्ये ताशी ६० किमी म्हणजे एक मीटर सुमारे पाच सेकंदांत. मोजून बघा. जवळजवळ प्रत्येक जण याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने गाडी हाणत असतो.

खर्च आणि दोन्हीकडे पाय

स्थिर मॉडेलचा खर्च थोडा थोडा होतो: अवजारं एकदा, मग किटमागून किट. रेल्वेचा खर्च सुरुवातीला अंगावर येतो, पण घेतलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालतं आणि निगा राखली तर विकताही येतं.

दोन्ही आवडत असतील तर दोन्ही करा, पण मापाचं भान ठेवा. १:७२ चा ट्रक ओओ च्या फाटकावर मागे उभा केला तर खपून जातो. एचओ च्या माणसाशेजारी तोच ट्रक राक्षसी दिसतो. आणि रणगाड्यांवर शिकलेलं गंज, धूळ, काजळीचं काम डब्यांवर सुरेख उतरतं. फक्त चाकांचा रुळाला टेकणारा भाग आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या रंगापासून वाचवा, नाहीतर सुंदर जुनाट दिसणारं इंजिन जागचं हलणार नाही.

निगा दोघांची वेगळी. तयार मॉडेल थेट उन्हात ठेवू नका, रंग फिके पडतात; धूळ मऊ मेकअपच्या ब्रशने झाडा. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, पॉलिश पेपरने कधीच नाही, कारण ओरखड्यांत मळ आणखी साचतो. प्रत्येक इंजिन महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं तरी दोन्ही दिशांना चालवा. तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर येईल एवढंच, आणि प्लॅस्टिकला चालणारं.